हिरवा ठिपका आणि कोरडा स्लॅब

१

फुलसावंगीच्या पुढे हरिसिंग नाईकाच्या तांड्यात समाजमंदिराचा स्लॅब तडकला, तेव्हा मोनाली मनवरच्या फोनवर त्याच स्लॅबची तब्येत उत्तम होती. फोनवर हिरवा ठिपका होता आणि ठिपक्याखाली शब्द होता : ‘ओला’.

स्लॅबखालचे लाकडी टेकू त्या दिवशी काढले होते. टेकू निघाले आणि मधोमध एक तडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निवांत चालत गेला. कोणाला लागलं नाही. कंत्राटदार सदाशिवरावांनी वर जाऊन हातोडा मारला. टणक आवाज यायला हवा होता, तिथे वाळू निघाली.

“मॅडम, हे तं बिस्कीट झालं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण पोटात गुदगुल्याही असाव्यात. कारण ज्या यंत्राने त्यांच्यावर उन्हाळाभर पाळत ठेवली, ते यंत्र त्यांच्याआधी तोंडावर पडलं होतं.

मोनाली आर्किटेक्ट, कळंबची. तिचा भागीदार जीवन आडे सिव्हिल इंजिनियर, याच तांड्यातला. नागपूरला शिकताना दोघांची ओळख झाली आणि दोघांनी मिळून ‘ओल टेक्नॉलॉजीज’ नावाची कंपनी काढली. यवतमाळ जिल्ह्यात ओलाव्याचा धंदा काढणं याला धाडस लागतं. पहिलं यंत्र त्यांनी कापसासाठी केलं होतं : गाडीतल्या कापसात काडी खुपसली की पाणी किती, ते सांगणारं. ते व्यापाऱ्यांना नको होतं, कारण ओलाव्याची कट्टी, म्हणजे वजनातली कपात, हाताच्या अंदाजाने लावण्यात बरकत असते. शेतकऱ्यांनाही नको होतं. कारणं त्यांचीही होती. मग बोंडअळी आली आणि मोजायला कापूसच राहिला नाही. तेव्हा दोघांनी तीच काडी कापसातून काढून सिमेंटात खुपसली.

स्लॅब टाकल्यावर तो काही आठवडे पाण्याने ओला ठेवावा लागतो, नाहीतर आतून पक्का होत नाही. आपल्याकडे तो ओला ठेवला असं लिहिण्याची पद्धत आहे. स्लॅबमधल्या नळीत एक काडी, काडीला डबी, डबीतून फोनवर बातमी : ओला असला तर हिरवा ठिपका, कोरडा असला तर लाल. नागपूरच्या एका गुंतवणूक संस्थेला हे आवडलं होतं. तिथल्या उर्वशी मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यात येणार होत्या, यश बघायला.

मोनालीने तड्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि मग जीवनकडे पाहिलं. जीवनने नळीतून काडी उपसून हातात घेतली होती. तो काडीच्या टोकाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने ती रुमालात गुंडाळून मोनालीला दिली.

“मी बदलवले आकडे,” तो म्हणाला. “नागपुरात बसून. उद्या मॅडमले तसंच सांग. कंपनी तुही. माहं नाव काढून टाक.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला.

२

धर्मपाल मुनेश्वर हे मोनालीचे मामा. कळंबला चिंतामणीच्या देवळामागे राहत. कृषी पदवीधर. सरकार कापूस घेत होतं त्या काळात ते संकलन केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आली की ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा, मुठीत कापूस ओढायचा, बोटांनी उलगडायचा आणि त्याची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. वरून चांगला आणि आतून भिजवलेला कापूस त्यांनी इतका पाहिला होता, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते भाताच्या ढिगाची मधली शितं दाबून बघत, असं त्यांची बहीण सांगे.

मोनालीने तांड्यावरून थेट त्यांचं घर गाठलं आणि सगळं सांगितलं. मामाजींनी रुमाल उघडला आणि काडी खिडकीच्या उजेडात धरली.

“पोट्टा कसा आहे?”

“खरा आहे, मामाजी. म्हणून तं राग येऊन राह्यला. कालपर्यंत मी त्याच्या भरवशावर स्लॅबखाली झोपली असती.”

“भरवसा असूदे. हुशार आहे का?”

“लय.”

“मग पंचाईत आहे,” मामाजी म्हणाले. “हुशार माणूस खोटे आकडे करते, तं ते खऱ्यापेक्षा चांगले करते. ही काडी फक्त ओलावाच सांगते का?”

“तापमान बी सांगते. पण ते आपण पहिल्या पानावर ठेवलं नाही. लोकाईले घोळ होते. मीच म्हटलं, एक ठिपका पुरे.”

“दाखव बरं ते मागचं पान.”

मोनालीने फोनमधलं मागचं पान उघडलं. या पानावर कंपनीतसुद्धा कोणी कधी गेलं नव्हतं. मामाजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ एक आडवी रेघ पाहिली. रेघ खाली होती, सरळ होती, आणि अधूनमधून एखाद्या दिवशी तिला उंट बसावा तसा उंचवटा आला होता.

“मे महिना,” ते म्हणाले. “कुत्रं सावलीतून उठत नाही. आणि तुहा स्लॅब दिवसभर उन्हात पडून सत्तावीस अंशावर आहे. रात्री बी तेवढाच. पोरी, अशी तब्येत सरकारी विश्रामगृहातल्या साहेबाचीच असते.”

मोनालीने रेघ पुन्हा पाहिली.

“जीवनने हे लिहिलं असतं तर चव्वेचाळीस लिहिलं असतं,” मामाजी म्हणाले. “हे आकडे कोणी लिहिले नाहीत. हे खरे आहेत. काडी खरंच थंड होती, खरंच ओली होती. फक्त ती स्लॅबमध्ये नव्हती.”

मग त्यांनी काडीच्या टोकावरून नखाने काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. केसाएवढा पिवळट तंतू.

“आन पोट्ट्याने हे पाह्यलं,” ते म्हणाले, “आन तो कबूल झाला. गाडी काढ.”

३

तांड्यावर पोचल्यावर मामाजी आधी सदाशिवरावांना भेटले. समाजमंदिराच्या सावलीला खुर्ची टाकून कंत्राटदार बसले होते. पडलं तर पडो, असा त्यांचा चेहरा होता. पण खुर्ची त्यांनी तड्यापासून दूर ठेवली होती.

“स्लॅबवर पाणी मारायला माणूस होता?” मामाजींनी विचारलं.

“होता ना. देवीलाल. चांगला माणूस.”

“मग?”

“पाठवला पुसदच्या साइटवर.”

“काहून?”

सदाशिवरावांनी मोनालीकडे बोट केलं. “याईची मशीन. सुरुवातीले एक डाव लाल झाली, तवा या जीवनने मले फोनवर किती बोल लावले. मी येऊन तांड्यातल्या बायाईवर ओरडलो, टाक्याच्या पाण्याले हात लावाल तं पाहा म्हणून. तवापासून जी हिरवी झाली, ते आजवर हिरवी. म्या म्हटलं, स्लॅब आपोआप ओला राहून राह्यला तं माणूस कायले ठेवू?”

“आपोआप?”

“मशीनच म्हणे ओला. एवढे शिकलेले लोक, एवढी महाग मशीन. मी बारावी नापास, मी कोण म्हणणार कोरडा?”

मोनाली दुसरीकडे बघायला लागली.

“मोनाली आणि जीवन इथे यायचे, ते तुम्हाले आधी कळे?”

“कायचं कळते. चोरावानी येत. सांगून आले तं तपासणी कशी म्हणायची?”

एवढ्यात टँकर आला. मोडक्या दारातून बाबुलाल ड्रायव्हर उतरला आणि त्याने पाइप साइटच्या सिमेंटच्या टाक्यात सोडला. स्लॅबचा आजार त्याला कोणी कळवला नव्हता. टँकर मंजूर होता, तोवर तो येणार.

“रोज येता?” मामाजींनी विचारलं.

“रोज.”

“टाकं कसं भेटते? भरलेलं का रिकामं?”

“खणखणीत रिकामं. म्या मनात म्हणतो, हा स्लॅब आहे का म्हैस?”

“तांड्याले टँकर नाही?”

“तांड्याचा प्रस्ताव गेला आहे,” बाबुलाल म्हणाला. ‘गेला’ हा शब्द त्याने माणसाबद्दल म्हणतात तसा म्हटला. “मंजूर फक्त बांधकामाचा.”

मामाजी तांड्यात शिरले. विहिरीत डोकावून पाहिलं. तळाशी एक चप्पल होती. मग ते घरांवरून चालत गेले आणि पहिल्याच दारात एका बाईने त्यांना पाणी विचारलं. पुढच्या दारातही. पितळी तांब्या काठोकाठ भरलेला. दारोदारच्या घागरी, पाण्याचे गुंड सगळे भरलेले, वर ओलं फडकं.

“पाह्यलं?” त्यांनी मोनालीला विचारलं.

“काय?”

“विहीर कोरडी आहे आन पाव्हण्याले पूर्ण तांब्या भेटून राह्यला. मारेगावले केंद्रावर असताना अशा उन्हाळ्यात सोयऱ्याच्या घरी मले अर्धा पेला भेटलेला आहे.”

मोनालीच्या लक्षात यायला लागलं. तिला ते लक्षात यायला नको होतं, असंही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

४

जीवन नाईकाच्या ओट्यावर बसला होता. शेजारी हरिसिंग नाईक, पांढऱ्या पागोट्यात, तंबाखू मळत. जीवन कंपनीतून जाणार हे तांड्याला कळलं होतं. तो या तांड्याचा पहिला इंजिनियर. त्याच्या निकालाला ढोल वाजला होता, त्यामुळे आता कोणत्या वाद्याची सोय करायची हा प्रश्न होता.

“मामाजी, तुम्ही कायले आले?” जीवन म्हणाला. “म्या सांगतलं ना.”

“ऐकायले आलो. आकडे कसे बदलवले ते सांग.”

“सर्व्हरमध्ये जाऊन.”

“ओलाव्याचे?”

“हो.”

“आन तापमानाचे?”

जीवन जरा थांबला. “ते बी.”

“मग सत्तावीस काहून लिहिलं?”

जीवनला सत्तावीस माहीत नव्हतं. तो मोनालीकडे बघायला लागला. मोनालीने फोन पुढे केला. त्याने ते मागचं पान पाहिलं. ते यंत्र ज्याने बनवलं, तो ते पान पहिल्यांदा बघत होता. सरळ रेघ आणि तिच्यावरचे उंचवटे.

“हे उंचवटे कशाचे?” मामाजींनी विचारलं. “आम्ही येता येता पाहत आलो. ज्या ज्या दिवशी तू आन मोनाली इथं आले, त्या त्या दिवशी काडी गरम आहे. बाकी दिवशी गार. म्हणजे तुम्ही येणार असले की काडी आपल्या जागी जाऊन बसे. तुम्ही गेले की पुन्हा सावलीत. कोणाले तरी तुम्ही येणार हे आधी कळत होतं. सदाशिवरावले कळत नव्हतं. बाबुलालले नाही. मोनाली कोणाले सांगत नाही. तू सांगतो का रे कोणाले, येऊन राह्यलो म्हणून?”

जीवनने फोन खाली ठेवला.

“मामाजी,” तो हळू म्हणाला, “माहं नाव जाऊ द्या ना. दुसरी नोकरी भेटते मले.”

“खोटे आकडे लिहिणारा इंजिनियर म्हणून कुठी भेटते?” मोनाली म्हणाली. “नागपूर केवढंसं आहे, जीवन? उद्या मॅडमले मी हे सांगितलं, तर तुह्या सहीवर कोणी कुत्र्याचं घर बांधणार नाही. आन मले काय सांगतो, कंपनी तुही? काडी तू केली. मी फक्त ठिपका काढला.”

“मग काय सांगू? पोलीस केस होईल तं कोणावर होईल?”

हरिसिंग नाईक इतका वेळ तंबाखू मळत होते. त्यांनी ती तोंडात न टाकता झटकून दिली आणि उठले.

“चला,” ते म्हणाले. “जमनीकडे चला. पोरगं बोलत नाही तं त्याची याडी बोलेल.”

५

जमनीबाई जीवनची याडी, म्हणजे आई. घर एका खोलीचं, शेणाने सारवलेलं, आत बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार. कोपऱ्यात रांजण. रांजणाशेजारी वेळूची टोपली, वर फडकं.

मामाजींनी खाटेवरच्या गादीच्या कडेला हात घातला, खांद्यापर्यंत नाही, मनगटापर्यंत. एक कोपरा उसवलेला होता. बोटांत पिवळट कापूस आला. त्यांनी रुमालातून आणलेला तंतू त्याच्या शेजारी ठेवला.

“बोंडअळीचा कापूस,” ते म्हणाले. “डागी, आखूड. व्यापाऱ्याने परत केला असंल. मग पिंजून गादी भरली. पिंजलेला तंतू असा मोकळा होते. स्लॅबवर टाकतात त्या गोणपाटाचा धागा असा नसते.”

“त्यानं घेतला नाही,” जमनीबाई म्हणाल्या. “म्हणे, असा माल फेकायले बी मजुरी लागते. मंग गाद्या भरल्या साऱ्या तांड्याने. यंदा आमाले झोप मऊ आहे.”

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मोनालीकडे पाहिलं आणि टोपलीवरचं फडकं काढलं. आत त्याच कापसाचा ओला गोळा होता, मधोमध काडीच्या जाडीचं भोक, आणि डबीच्या मापाचा खड्डा.

“याडी,” जीवन म्हणाला. एवढंच.

“काय याडी? तूच तं सांगतलं. स्लॅब टाकला त्या दिवशी, मांडवात, माइकवर. ही काडी निघते, महाग आहे, एक स्लॅब झाला की काढून दुसऱ्याले लावता येते. ओल भेटली की हिरवी, नाही भेटली की लाल. साऱ्या तांड्याने टाळ्या वाजवल्या.” त्या मामाजींकडे वळल्या. “पाणी स्लॅबले. रोज एक टँकर. आन आमाले कागद. आम्ही आधी अर्धं घेतलं, खोटं नाही बोलत. तं मशीन लाल झाली. तो ठेकेदार येऊन ओरडला, आन इकून हा फोनवर मले म्हणे, याडी, कोणी पाणी चोरून राह्यलं, माही कंपनी बुडते. आता तहान बी खरी आन याची कंपनी बी खरी. मंग म्या काडी घरी आणली. तिच्या जागेवर घमेलं पालथं घातलं, ऊन लागू नये म्हणून ठेवलं असं वाटे. शेजारच्या शीलाने, तिच्या सासूने, साऱ्या बायाईने पाळी लावली. तीजेच्या सणाले टोपलीत पेरलेल्या गव्हाले पोरी पाणी देतात ना, तसं. एक तांब्या. गाणं बी म्हणत होत्या पोट्ट्या, हसू येत होतं त्याईले. आन हा येतो म्हणून फोन आला की कापसाच्या बोळ्यासंगं काडी नळीत नेऊन ठेवू, आन वर चार घागरी ओतू.”

“आन स्लॅब?” मोनालीने विचारलं.

“दगड आहे ना वो तो. वाळला की झाला. दगडाले कायची तहान?”

जीवनने टोपलीवर फडकं पुन्हा घातलं.

“मांडवात मी काडीबद्दलच बोललो,” तो म्हणाला. “पाणी कायले पाहिजे, ते सांगतलंच नाही. मले वाटलं, ते तं सगळ्याईले माहीत असते.”

“मी पण तिथंच होती,” मोनाली म्हणाली. “मी ठिपक्याचा रंग समजावत होती.”

जमनीबाईंनी पहिल्यांदाच जरा भीतभीत विचारलं, “पाणी नाही भेटलं तं काय होते त्याले?”

जीवनने तिला दारात नेलं आणि समोरचा तडा दाखवला. तिने तो सकाळपासून अनेकदा पाहिला होता. आता पुन्हा पाहिला. मग ती खाली बसली. “त्याच्याखाली लेकरं बसली असती,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. जीवनही तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला.

६

रहस्य उलगडल्यावर गुन्हेगाराला पोलिसांच्या स्वाधीन करतात आणि मंडळी चहा घेतात. इथे गुन्हेगार म्हणजे तांड्यातल्या यच्चयावत बाया होत्या आणि चहा त्यांनीच ठेवला होता. शिवाय गुन्हा नेमका कोणता, हे धर्मपाल मुनेश्वरांनाही सांगता येईना. चोरी म्हणावी तर पाणी प्यायलेलं होतं. फसवणूक म्हणावी तर काडीने जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. माणूस काढून घेणाऱ्या सदाशिवरावांच्या करारात ‘स्लॅब ओला ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची’ असं होतं, याची मोनालीने त्यांना आठवण करून दिली, तेव्हा मात्र त्यांची खुर्ची थोडी हलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तड्याखाली उभं राहून वर पाहिलं. त्यांच्या बरोबरचा ड्रायव्हर उभा राहिला नाही.

मोनालीने रात्रभर एक वाक्य जुळवलं होतं, जीवनने दुसरं. दोघंही एकदम बोलायला लागले आणि दोघंही थांबले. त्या मधल्या जागेत जमनीबाई टोपली घेऊन आल्या.

“मॅडम, पोराने काही केलं नाही,” त्या म्हणाल्या. “म्या केलं. हे पाहा.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं, तीजेच्या गाण्यासकट. जीवन मध्ये बोलायला गेला, तेव्हा हरिसिंग नाईकांनी त्याचा दंड धरला.

उर्वशी मॅडमनी विचारलं, “म्हणजे तुमचं यंत्र कापसाच्या बोळ्याने फसतं?”

“फसतं,” मोनाली म्हणाली. “आणि ते आम्हाला कळलं असतं, पण तापमान मी झाकून ठेवलं होतं. आणि जीवनने काल माझ्याशी खोटं बोलून सगळं स्वतःवर घेतलं. तेवढंच एक खोटं त्याने केलं आहे. तो कंपनीत राहणार. हे तुम्हाला चालत नसेल तर तुमचे पैसे नकोत.”

शेवटचं वाक्य तिने जुळवलेलं नव्हतं. ते ऐकून जीवनलाच धक्का बसला.

मॅडमनी टोपलीत हात घातला. कापूस दाबला. बोटांमधून पाणी आलं.

“याला पाणी कधी घातलं होतं?”

“काल सकाळी,” जमनीबाई म्हणाल्या. “परवा अन् काल एकएक तांब्या. मंग काडी नव्हती, कोणाले घालायचं?”

“काल सकाळी,” मॅडम पुन्हा म्हणाल्या. बाहेर ऊन भट्टीसारखं होतं. त्या मोनालीकडे वळल्या. “तुम्ही आर्किटेक्ट आहात. हे इंजिनियर. एक तांब्या पाण्यावर मे महिन्यात एवढा वेळ ओली राहणारी वस्तू यांच्याकडे आहे, आणि तुम्ही टँकरने पाणी ओतून ते वाळतंय का ते मोजत बसलात?”

मामाजींनी खाली बघून मिशीत हसून घेतलं. आयुष्यभर त्यांनी ओला कापूस नाकारला होता.

“मी महिन्याने येईन,” मॅडम म्हणाल्या. “न सांगता.”

स्लॅब फोडला. नवा टाकला, सदाशिवरावांच्या खर्चाने. त्यांनी त्याबद्दल साऱ्या पंचक्रोशीत तक्रार केली. या खेपेला मांडवात जीवनने यंत्राचं नाव घेतलं नाही. सिमेंट पाणी पितं कसं, आणि नाही प्यायलं तर काय होतं, तेवढंच सांगितलं, आणि जुन्या स्लॅबचा तुकडा हातोहात फिरवला. स्लॅब पुन्हा टाकायचा म्हणून टँकर पुन्हा मंजूर झाला. नव्या स्लॅबवर बोंडअळीच्या कापसाच्या गाद्या अंथरल्या. त्यांना थोडंसं पाणी पुरे, उरलेलं घागरींत. तांड्याचा प्रस्ताव अजून गेलेलाच आहे.

“काय दिवस आले,” हरिसिंग नाईक म्हणत, “स्लॅब गादीवर आन माणसं भुईवर.”

ठिपक्याशेजारी आता तापमान दिसतं. काडी गादीखाली असते आणि ती लावायचं काम जमनीबाईंकडे आहे, कारण ती काढायची कशी हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

उर्वशी मॅडम महिन्याने आल्या, तेव्हा हातोडा टणक वाजला. कंपनीच्या पाटीवर दोन्ही नावं आहेत.

जीवन आता तांड्यावर येताना फोन करत नाही. एकदम दारात उभा राहतो. स्वयंपाक झालेला नसतो, आणि जमनीबाईंना कालची भाकर पुढे करावी लागते. शेजारणींना त्या सांगतात, “आधी नुसता इंजिनियर होता. आता हुशार झाला.”